वायरलेस कॅमेऱ्याच्या दोन वायरी

अमेरिकेत मोटारहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली लांबलचक गाडी, घेऊन फिरणाऱ्या मराठी कुटुंबांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. दिवसभर गाडी चालवून अंधार पडता पडता कॅम्पग्राउंडवर पोहोचावे, नेमून दिलेल्या जागेत गाडी मागे घालण्यासाठी रिव्हर्स गिअर टाकावा आणि डॅशबोर्डवरच्या पडद्यावर मागची झाडे दिसण्याऐवजी ‘नो सिग्नल’ एवढेच दोन शब्द उमटावेत. तीस फूट लांबीच्या गाडीत मागे खिडकी असलीच तर ती झोपण्याच्या खोलीची असते, त्यामुळे आतला आरसा असून नसल्यासारखा असतो, आणि बाजूचे आरसे गाडीच्या कडा तेवढ्या दाखवतात. मधला भाग केवळ कॅमेऱ्यालाच दिसतो. साहजिकच माणूस हातातला रिमोट उचलतो, मेन्यू उघडतो आणि तासभर त्यात हरवून जातो. दोष बहुतेक वेळा मेन्यूत नसतोच.

हा कॅमेरा बहुधा गाडीबरोबर आलेला नसतो, हे आधी लक्षात घ्यावे लागते. अमेरिकेत 1 मे 2018 पासून भारासह कमाल एकूण वजन 10,000 पौंडांपर्यंत, म्हणजे साधारण 4,536 किलोपर्यंत असलेल्या प्रत्येक नव्या मोटारगाडीला मागचा कॅमेरा सक्तीचा आहे, आणि गाडी मागे घ्यायला लागल्यापासून दोन सेकंदांत चित्र दिसले पाहिजे असेही त्या नियमात आहे. बसच्या आकाराची क्लास ए मोटारहोम आणि पुढे ट्रकची केबिन असलेली बहुतेक क्लास सी मोटारहोम या वजनाच्या पलीकडची असल्याने त्यांना तो नियम लागू होत नाही. त्यांचा कॅमेरा बहुधा विक्रेत्याने, आधीच्या मालकाने किंवा आपण स्वतः नंतर बसवलेला असतो. तो गाडीच्या संगणकाला माहीत नसतो, त्यामुळे बिघडल्यावर डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागत नाही आणि मेकॅनिकच्या यंत्रावर त्याचा कोणताही कोड दिसत नाही. शोध हातानेच घ्यावा लागतो.

‘वायरलेस’ हा शब्द येथे बराच गोंधळ घालतो. मागच्या भिंतीपासून डॅशबोर्डपर्यंत चित्राची केबल ओढायची म्हणजे छताच्या पोकळीतून, कपाटांच्या मागून आणि स्वयंपाकाच्या ओट्याखालून तीस-पस्तीस फूट वाट काढायची. ती कटकट टाळण्यासाठी चित्र रेडिओलहरींवर पाठवले जाते. मात्र विनातारेचे असते ते फक्त चित्र. कॅमेऱ्याला चालण्यासाठी 12 व्होल्टचा वीजपुरवठा लागतोच आणि तो एक लाल व एक काळी अशा दोन वायरींनीच येतो. या वायरी सहसा जवळच्या रिव्हर्सच्या दिव्याला किंवा गाडीच्या कडेच्या मार्कर दिव्यांना जोडलेल्या असतात. वीज कॅमेऱ्यापर्यंत पोहोचते, कॅमेरा चित्र तयार करतो, रेडिओ ते पुढे नेतो आणि मॉनिटर दाखवतो, अशी ही साखळी आहे. यातल्या पहिल्या तीनपैकी कोणतीही कडी तुटली तरी पडद्यावर उमटणारा मजकूर एकच असतो: ‘नो सिग्नल’. मॉनिटरच्या दृष्टीने ते खरेही असते, पण मालक त्याचा अर्थ ‘रेडिओ बिघडला’ असा घेतो आणि नवा अँटेना विकत आणतो.

मीही तो आणला होता. आमच्या जुन्या, एकतीस फुटी क्लास सी गाडीचा कॅमेरा एका पावसाळी प्रवासानंतर बंद पडला. दोन संध्याकाळी मी पेअरिंग, म्हणजे कॅमेरा आणि मॉनिटर यांची ओळख करून देणे, पुन्हा पुन्हा करण्यात घालवल्या, मॉनिटर मूळ स्थितीला आणून पाहिला, लांब अँटेना लावला. तिसऱ्या दिवशी मागच्या दिव्याचे आवरण काढले तेव्हा आत निळ्या प्लॅस्टिकची एक छोटी क्लिप दिसली. चालू वायर न कापता तिच्यातून दुसरा फाटा काढून घेण्यासाठी अशा क्लिपा वापरतात. त्यांच्यातले धातूचे पाते वायरीच्या आवरणात घुसून तांब्याला टेकते. बसवायला हे काम अर्ध्या मिनिटाचे असते, पण पात्याने आवरण फाडलेले असल्यामुळे पाण्याला आत शिरायला दार मिळते. मी क्लिप उघडली तेव्हा पितळेच्या भांड्यात ताक कळकावे तसा हिरवट थर तांब्यावर चढलेला होता, निम्म्या तारांची पूड झाली होती आणि उरलेल्या दोन-तीन तारा कशाबशा टेकून होत्या.

याहून बोधप्रद व्होल्टेज मोजणाऱ्या मल्टिमीटरचा आकडा होता. कॅमेऱ्याची पिन सोडवून वायरीच्या टोकाला मीटर लावला तेव्हा 12.3 व्होल्ट दिसले. तेवढ्यावरच थांबलो असतो तर वीज व्यवस्थित येत आहे असे समजून मी पुन्हा मेन्यूत शिरलो असतो. कॅमेरा जोडून, तो वीज घेत असताना त्याच जागी मोजले तेव्हा आकडा आठच्याही खाली घसरला. गच्चीवरच्या टाकीचा नळ गाळाने तुंबला असेल तर नळ बंद असताना पाण्याचा दाब पुरेपूर असतो, सोडला की करंगळीएवढी धार येते. विजेचेही तसेच आहे. सडलेल्या जोडाचा रोध 15 ओहम असेल आणि कॅमेरा 0.3 अँपिअर वीज घेत असेल, तर त्या एका जोडावर साडेचार व्होल्ट खर्ची पडतात. वीज वाहतच नसेल तेव्हा खर्चही शून्य असतो आणि मीटर खुशाल पूर्ण व्होल्टेज दाखवतो. तुलनेसाठी सांगायचे तर 18 गेज जाडीची चांगली तांब्याची वायर पस्तीस फूट जाऊन परत आली तरी तिचा एकूण रोध अर्ध्या ओहमपेक्षाही कमी असतो. म्हणजे वायरीच्या लांबीला दोष देण्यात अर्थ नाही, जोड तपासावेत. मीटर नसेल तर मागच्या दिव्याचा जुना 21 वॅटचा बल्ब दोन वायरींना लावून पाहावा. तो झगझगीत पेटला तर पुरवठा ठणठणीत आहे आणि मिणमिणला तर नाही. या कामात साधा बल्ब पुष्कळदा महागड्या मीटरपेक्षा खरे बोलतो, कारण तो स्वतः भार घेतो.

दिवसा चालणारा कॅमेरा रात्री बंद पडतो किंवा पुन्हा पुन्हा सुरू होत राहतो, ही तक्रारही याच घरातली आहे. अंधार पडला की कॅमेऱ्याभोवतीचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि तो अधिक वीज ओढू लागतो. दुबळा जोड दिवसाचा भार कसाबसा पेलतो आणि रात्रीच्या भाराला मान टाकतो. लोक यावर ‘रात्रीचा सेन्सर गेला’ असे निदान करून नवा कॅमेरा आणतात आणि तोही त्याच वायरीवर लावतात.

काळ्या वायरीकडे तर कोणाचे लक्षच जात नाही. मोटारगाडीत ती कोणत्याही पत्र्याला स्क्रूने आवळली तरी चालते, कारण सगळे अंग लोखंडाचे आणि बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेले असते. मोटारहोमचे मागचे अंग बहुधा फायबरग्लासचे असते आणि त्याच्या आतली अॅल्युमिनियमची चौकट चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, विजेच्या दृष्टीने नीट जोडलेली असेलच असे नाही. अशा चौकटीत ‘अर्थिंग’ म्हणून आवळलेली काळी वायर कोरड्या दिवशी काम देते आणि दमट दिवशी दगा देते. काळी वायर सरळ चासीच्या लोखंडापर्यंत, रंग खरवडून, स्वच्छ धातूवर नेलेली असावी.

मोटारहोममध्ये विजेच्या दोन चुली असतात, हेही ध्यानात ठेवावे. एक बॅटरी इंजिनाची आणि दुसरी घराची, म्हणजे आतले दिवे, पाण्याचा पंप, पंखा यांची असते. कॅमेरा पहिलीवर आणि मॉनिटर दुसरीवर असणे अगदी शक्य आहे, त्यामुळे फ्यूज शोधताना दोन्ही पेट्या उघडाव्यात.

वीज कोठून घेतली आहे यावर आणखी दोन गोष्टी अवलंबून असतात. रिव्हर्सच्या दिव्यावरून घेतली असेल तर प्रत्येक वेळी गिअर टाकल्यावर कॅमेरा झोपेतून उठतो, मॉनिटरला शोधतो आणि मग चित्र पाठवतो. डिजिटल संचात याला काही सेकंद जातात आणि तेवढ्यात अधीर चालकाने गिअर काढला तर चित्र कधीच येत नाही. ते बिघाडाचे नव्हे, घाईचे लक्षण असते. दुसरे असे की काही नव्या चासींवर दिव्यांना वीज सलग न देता फार वेगाने चालू-बंद करून दिली जाते किंवा बल्ब शाबूत आहे की नाही हे पाहण्यासाठी संगणक अधूनमधून सूक्ष्म झटके पाठवतो. डोळ्याला दिवा स्थिर दिसतो, कॅमेरा मात्र त्या झटक्यांनी गांगरतो, लुकलुकतो किंवा गिअर टाकलेला नसतानाही क्षणभर जागा होतो. अशा गाडीत दिव्याच्या वायरीला हात न लावता, किल्ली फिरवल्यावर सुरू होणाऱ्या पुरवठ्यावरून छोट्या फ्यूजसह स्वतंत्र वायर न्यावी. ती ओढायला कष्ट पडतात, पण गाडी चालू असताना कॅमेरा सतत जागा राहतो आणि मागून ओढून नेत असलेली छोटी कारही त्यात दिसत राहते.

वीज की रेडिओ, हा प्रश्न कायमचा सोडवणारी एक चाचणी आहे आणि माझ्या मते ती सर्वांत आधी करावी. कॅमेऱ्याचे चार स्क्रू काढून तो खाली घ्यावा आणि घरातल्या यूपीएसमध्ये असते तशा छोट्या 12 व्होल्टच्या बॅटरीला जोडून चालकाच्या आसनाजवळ आणावा. तेथे, मॉनिटरपासून हातभर अंतरावर, चित्र स्वच्छ आले तर कॅमेरा, मॉनिटर आणि पेअरिंग ही तिन्ही एका फटक्यात निर्दोष सुटली. येथेही चित्र आले नाही तरच पेअरिंगकडे वळावे. पेअरिंग म्हणजे काय, तर प्रत्येक डिजिटल कॅमेऱ्याला स्वतःचा एक क्रमांक असतो आणि मॉनिटरने तो लक्षात ठेवायचा असतो. कॅमेरा बदलल्यावर किंवा मॉनिटर मूळ स्थितीला आणल्यावर ही ओळख नव्याने करून द्यावी लागते. एरवी ती आपोआप पुसली जाण्याचे कारण नसते. पेअरिंग करूनही चित्र येत नसेल तर कॅमेरा किंवा मॉनिटर यांपैकी एक मेला आहे.

चित्र आले असेल तर बॅटरीसकट कॅमेरा हातात घेऊन गाडीबाहेरून हळूहळू मागे चालत जावे आणि दुसऱ्या कोणीतरी आत पडद्यावर नजर ठेवावी. आमच्याकडे पत्नी फोनवर सांगत होती: “आहे… आहे… अजून आहे.” मी मागच्या बंपरपर्यंत पोहोचलो, कॅमेरा त्याच्या मूळ जागी धरला, तरी चित्र जागचे हलले नाही. तेव्हाच रेडिओवरचा संशय संपला आणि मी दिव्याचे आवरण काढायला घेतले. गाडीच्या मध्यावर “गेलं!” असे ऐकू आले असते, तर शोध दुसऱ्या दिशेने गेला असता. उलट, गाडीच्या वायरीवर पुरवठा तपासायचा असेल तेव्हा चाकांपुढे-मागे दगड किंवा ठोकळे लावावेत, हँडब्रेक ओढावा, इंजिन बंद ठेवून फक्त किल्ली फिरवावी, आसनावरच्या माणसाने ब्रेकवर पाय रोवून रिव्हर्स टाकावा आणि मीटर धरणाऱ्याने गाडीच्या थेट मागे उभे न राहता बाजूला उभे राहावे.

रेडिओचा प्रदेश जरा निराळा आहे. हे संच बहुतेक 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात आणि तेथे लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास असते. फायबरग्लासमधून ही लहर फारशी अडखळत नाही, पण धातू तिला थोपवतो आणि पाणी तिला शोषते. मोटारहोममध्ये मागून पुढे येताना वाटेत फ्रिज, शेगडी, पाण्याची टाकी आणि अॅल्युमिनियमची चौकट असे सगळे उभे असते. खोक्यावर लिहिलेले शेकडो फुटांचे अंतर मोकळ्या मैदानातले असते, आणि मैदानातही अंतर दुप्पट झाले की सिग्नलची शक्ती चौथ्या हिश्श्यावर येते. त्यातच या पट्ट्याला परवाना लागत नसल्याने वायफाय, ब्लूटूथ आणि बिनतारी खेळणी सगळी तेथेच नांदतात, आणि मायक्रोवेव्ह ओव्हन तर 2.45 गिगाहर्ट्झवर अन्न तापवतो. घरात हे सारे वेगवेगळ्या खोल्यांत असते, मोटारहोममध्ये तीस फुटांत. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाच्या नियमानुसार अशा यंत्रांना बाहेरून येणारा व्यत्यय सोसावाच लागतो आणि तसे वाक्य मॉनिटरच्या पाठीवर किंवा माहितीपत्रकात बारीक अक्षरांत छापलेलेही असते, त्यामुळे शेजारच्या गाडीच्या राउटरविरुद्ध दाद मागता येत नाही. आपल्या गाडीतले राउटर, फोनचे हॉटस्पॉट आणि ओव्हन एकेक करून बंद करावे आणि चित्र केव्हा सुधारते ते पाहावे. घराच्या अंगणात ठीक चालणारा आणि गजबजलेल्या कॅम्पग्राउंडवर अडखळणारा कॅमेरा बहुधा या गर्दीचा बळी असतो.

अँटेनाच्या बाबतीत एक समजूत जवळजवळ सार्वत्रिक आहे. टॉर्च रोखावा तसे त्याचे टोक समोरच्या यंत्राकडे रोखले की सिग्नल सुधारेल, असे लोकांना वाटते. काडीसारखा अँटेना टोकाच्या दिशेने सर्वांत कमी आणि कुशींकडे सर्वांत जास्त लहरी सोडतो, म्हणून टोक रोखणे म्हणजे त्याची सर्वांत दुबळी बाजू पुढे करणे होय. दोन्हीकडचे अँटेना एकमेकांना समांतर, बहुधा उभे, ठेवावेत. एक उभा आणि एक आडवा असेल तर शक्तीचा मोठा भाग वाया जातो. अँटेना धातूच्या पत्र्याला चिकटलेला नसावा. तो केबलने लांबवून गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर किंवा तळाखाली नेता येतो, परंतु पातळ केबल स्वतःच सिग्नल खाते, त्यामुळे गरजेपेक्षा लांब केबल घेऊन उरलेले वेटोळे कपाटात कोंबू नये.

जुने संच अॅनालॉग आणि नवे डिजिटल असतात, आणि त्यांच्या दुखण्याची तऱ्हा वेगळी आहे. अॅनालॉग चित्र हळूहळू बिघडते, म्हणजे आधी मुंग्या येतात, मग आडवे पट्टे सरकतात, आणि जवळपास त्याच वाहिनीवर दुसऱ्या कोणाचा कॅमेरा असेल तर त्याचे अंगण आपल्या पडद्यावर दिसू शकते. डिजिटल चित्र शेवटपर्यंत स्वच्छ राहते आणि मग एकदम चौकटी-चौकटींत फुटते किंवा थिजते. या थिजण्याइतका धोकादायक दोष या संपूर्ण विषयात दुसरा नाही. काळा पडदा पाहून माणूस थांबतो, पण थिजलेल्या पडद्यावर मागची मोकळी जागा मोकळीच दिसत राहते, जरी तेथे मघाशीच एखादे मूल सायकल घेऊन येऊन उभे राहिले असले तरी. गाडी सरकत असताना चित्रातली जमीन सरकत नसेल तर तत्क्षणी ब्रेक दाबावा. चित्र थोडे मागून येत असते हेही विसरू नये. पाव सेकंदाहून किंचित कमी, म्हणजे 0.2 सेकंदाचा उशीर धरला तरी ताशी 5 किलोमीटरच्या गतीने गाडी तेवढ्यात 28 सेंटिमीटर गेलेली असते. फोनवर चित्र दाखवणाऱ्या वायफाय कॅमेऱ्यांत हा उशीर वाढू शकतो, शिवाय त्या कॅमेऱ्याच्या जाळ्यावर इंटरनेट नाही हे पाहून फोन परस्पर दुसऱ्या जाळ्यावर उडी मारतो. एसटी मागे घेताना पाठीमागे उभा राहून ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणत पत्र्यावर थाप मारणारा कंडक्टर या बाबतीत कोणत्याही संचापेक्षा भरवशाचा असतो, आणि अवघड जागेत बरोबरच्या माणसाला खाली उतरवण्यात कमीपणा मानू नये.

उरले खुद्द चित्राचे दोष, आणि ते बहुधा किरकोळ असतात. फक्त रात्री पडदा पांढुरका धुरकट होत असेल तर काचेपुढे कोळ्याचे जाळे आहे का ते पाहावे. जवळच्या त्या तंतूंवर इन्फ्रारेड उजेड पडून थेट भिंगात परततो आणि मागचे सगळे झाकून टाकतो. दिवसा डोळ्याला ते जाळे जेमतेम दिसते. बाष्प भिंगाच्या आतल्या बाजूला असेल तर कॅमेऱ्याचे सील गेले आहे. तो उन्हात वाळवून काही दिवस चालतो, पण बदलावा लागतोच. मागच्या कॅमेऱ्याचे चित्र आरशासारखे डावे-उजवे उलटवलेले असावे लागते. नवा मॉनिटर बसवल्यावर ही सोय चुकीची राहिली तर खांब दिसतो उजवीकडे आणि असतो डावीकडे. चित्रावरच्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेषांवर आंधळा विश्वास ठेवू नये. मागे जमिनीवर एक, दोन आणि तीन मीटरवर पाण्याच्या बाटल्या ठेवून कोणती रेषा कोठे पडते हे एकदा पाहून घ्यावे.

दुरुस्ती करताना ती निळी क्लिप पुन्हा वापरू नये. खराब तांबे कापून टाकावे, चकचकीत तारा लागेपर्यंत वायर सोलावी, जोडाला डाग द्यावा आणि त्यावर आतून गोंद असलेली, उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. भिंतीतल्या छिद्रात वायर वरून सरळ आत नेऊ नये. छिद्राच्या खाली एक झोळ सोडून मग वर आत न्यावी, म्हणजे पावसाचे पाणी वायरीवरून ओघळत झोळाच्या तळाशी येते आणि तेथूनच खाली ठिबकते. कॅमेऱ्याच्या तळपट्टीला सिलिकॉन वर आणि दोन्ही बाजूंना लावावे, खालची कड मोकळी ठेवावी. चारही बाजू बंद केल्या तर कोठून तरी शिरलेले पाणी बाहेर पडण्याऐवजी त्या दोन वायरींजवळच साचून राहते.